समुद्रतळाचा गाळ उपसायची एवढी घाई कशाला?

दर सहा-आठ महिन्यांनी एक बातमी फिरत येते. समुद्राच्या तळाशी रेअर अर्थचा, म्हणजे फोनपासून मॅग्नेटपर्यंत लागणाऱ्या काही मूलद्रव्यांचा, प्रचंड साठा, आता शेकडो वर्षं चिंता मिटली. या बातम्यांचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा आपण २०१८ च्या एका जपानी पेपरपाशी पोचतो. टोकियोपासून सुमारे १,९०० किलोमीटरवर मिनामितोरिशिमा नावाचं टिकलीएवढं बेट आहे, त्याच्या दक्षिणेला साडेपाच किलोमीटरपेक्षा खोल पाण्याखाली जो चिखल आहे त्यात, साधारण २,५०० चौरस किलोमीटरच्या टापूत, १.६ कोटी टन रेअर अर्थ ऑक्साइड असल्याचा हिशोब त्या पेपरात मांडला होता. त्यातलं यट्रियम जगाला ७८० वर्षं पुरेल, युरोपियम ६२०, टर्बियम ४२०, डिस्प्रोसियम ७३०. झालं, हेच आकडे तेव्हापासून फिरतायत, आणि ते काढले कसे हे कुणी विचारत नाही. एकूण अंदाजित माल भागिले जगाचा वर्षाचा खप, बास. तो वर किती आणता येईल, कितीला पडेल, खप तेवढाच राहील का, याच्याशी त्या भागाकाराचा काही संबंध नाही.

युरोपियमचंच घ्या. त्याची मोठी मागणी होती ती ट्यूबलाइट, सीएफएल आणि जुन्या टीव्हीच्या पडद्यातल्या लाल रंगासाठी, आणि एलईडी आल्यावर ती धाडकन खाली आली. म्हणजे ६२० वर्षं पुरेल असा जो खजिना त्याचं गिऱ्हाईकच निम्म्या वाटेत दुकान सोडून गेलं.

मी खाणींच्या विरोधात वगैरे नाहीये. हे ज्या फोनवर टाइप करतेय त्याच्या स्पीकरमध्ये निओडिमियम आहे, तेव्हा सोवळं नेसून बसण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं वेगळंय. हा गाळ मुळात मौल्यवान झाला कशामुळे ते कुणी धड सांगतच नाही, आणि ते एकदा नीट कळलं की उपसायची परवानगी द्यायला सही करणाऱ्याचा हात जरा तरी अडखळेल असं मला वाटतं. म्हणून ते आधी सांगते.

मी कधीकाळी एका प्रयोगशाळेत असला गाळ धुतलाय, महिनोनमहिने. खोल समुद्रातली तांबडी-तपकिरी माती, चमचाभर, वाळवली की बोटाला टाल्कम पावडरसारखी लागते, दाताखाली सुद्धा कचकचणार नाही इतकी बारीक (हो, चावून बघतात लोक, जुनी पद्धत आहे). आधी सौम्य अॅसेटिक अॅसिड, त्यात चुन्याचे कण बुडबुडे काढत विरघळतात. मग हायड्रॉक्सिलअमाइन, त्यात लोखंड-मँगनीजचा गंज सुटतो आणि तपकिरी गाळ हळूहळू फिकट राखाडी होत जातो, हे बघायला मला फार आवडायचं. मग सोडियम कार्बोनेटचं गरम द्रावण, त्यात सूक्ष्मजीवांची काचेसारखी कवचं जातात. दर वेळी सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी ओतायचं, परत धुवायचं. हे सगळं करून ट्यूबच्या तळाशी नखावर मावेल एवढं काहीतरी उरतं, त्यात थोडी ज्वालामुखीची राख असते, आणि बाकीची बहुतेक वाऱ्याने आणलेली धूळ. कुठल्या तरी वाळवंटातून उडालेली, हजारो किलोमीटर हवेत तरंगत आलेली आणि मग पाण्यात पाच किलोमीटर खाली बसलेली. एकदा माझ्या ट्यूबचं झाकण रात्रभर उघडं राहिलं आणि सरांनी आख्खी बॅच फेकायला लावली. लाखो वर्षांपूर्वीची धूळ मोजायला बसलो होतो आणि त्यात खोलीतली कालची धूळ पडली, तेव्हा रडू आलं होतं, आता हसू येतं.

तर या उरलेल्या चिमटीत रेअर अर्थ मोजतात. ही एकूण सतरा मूलद्रव्यं, लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा आणि सोबत यट्रियम नि स्कँडियम. नाव रेअर असलं तरी त्यातलं सिरियम पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतकं आहे. या मंडळींचा स्वभाव एकमेकांशी इतका जुळतो की ती कायम घोळक्यानेच फिरतात, खडक झिजला, माती झाली, माती उडाली, तरी घोळक्यातलं प्रमाण फारसं बदलत नाही. म्हणून धूळ कुठल्या खडकाची हे त्या प्रमाणावरून ओळखता येतं. खंडांच्या वरच्या कवचातल्या जुन्या खडकांच्या मातीत युरोपियम त्याच्या शेजाऱ्यांपेक्षा कमी असतं, कारण ते खोलवर दुसऱ्या खनिजात अडकून राहिलेलं असतं, तर तरुण ज्वालामुखी बेटांच्या राखेत हा खड्डा जवळजवळ दिसतच नाही. निओडिमियमचं तर आणखी भारी. समेरियमचा एक आयसोटोप (त्याच मूलद्रव्याचं वेगळ्या वजनाचं रूप) अतिशय सावकाश, १०६ अब्ज वर्षांच्या अर्धायुष्याने, निओडिमियमच्या एका आयसोटोपमध्ये बदलत राहतो, त्यामुळे खडक जितका जुना आणि त्यात समेरियम जितकं कमी-जास्त तशी निओडिमियमची सही वेगळी. आशियाच्या वाळवंटाची वेगळी, सहाराची वेगळी, ज्वालामुखी बेटांची तर अगदीच वेगळी.

म्हणजे गाळाचा एकेक थर उलगडत गेलं की त्या काळी वारा कुठून वाहत होता, कुठलं वाळवंट कोरडं पडलं होतं, हे कळतं. हिमयुगांत विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिकमध्ये आजच्या अंदाजे अडीचपट धूळ पडत होती, हे असंच गाळातून काढलेलं आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या धुळीचा उगम पॅटागोनियात आहे हेही याच जातीच्या तपासातून कळलं. डार्विनने १८३२ च्या जानेवारीत केप व्हर्दे बेटांपाशी जहाजावर पडलेली बारीक तपकिरी धूळ गोळा करून ठेवली होती आणि १८४६ मध्ये तिच्यावर लेखही लिहिला होता, त्याला ती नुसती सूक्ष्मदर्शकाखाली बघता येत होती, आज त्या चिमटीतून पत्ता निघतो. आणि हा काही किरकोळ कारभार नाही, नुसत्या सहाराकडून अटलांटिकवर दरवर्षी साधारण १८ कोटी टन धूळ निघते असं उपग्रहाच्या मोजणीतून दिसलंय, त्यातली पावणेतीन कोटी टनांच्या आसपास थेट अॅमेझॉनच्या खोऱ्यात जाऊन पडते.

आता गंमत इथून पुढे आहे. हे वाचून कुणालाही वाटेल की मग ही धूळच समुद्रतळाशी रेअर अर्थ आणत असणार, जिथे जास्त धूळ तिथे जास्त माल. नेमकं उलटं आहे! सर्वसाधारण धुळीत सगळी मिळून दीडशे-पावणेदोनशे पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आसपास, म्हणजे कुठल्याही साध्या मातीत असतात तेवढीच. श्रीमंत चिखलात ती हजारांत असतात, मिनामितोरिशिमाजवळ तर ६,५०० पीपीएमच्या वर सापडलीत. ती येतात समुद्राच्या पाण्यातून, आणि त्यांना पकडून ठेवतात माशांचे दात. खरंच! जिवंत माशाच्या दातात रेअर अर्थ नगण्य असतं, पण मासा मेला, दात तळाशी पडला की त्यातलं कॅल्शियम फॉस्फेट आजूबाजूच्या पाण्यातून ती मूलद्रव्यं स्पंजासारखी ओढायला लागतं, आणि जितका वेळ तो वरच्या थरात उघडा पडून राहील तितकी ओढत राहतं. पाण्यात ती नद्यांमधून, किनाऱ्यावरच्या गाळातून आणि थोडीफार धुळीच्या विरघळण्यातून आलेली असतात, पण भरपूर धूळ पडत असेल तर दात पटकन झाकला जातो, वर पातळ मालाचा ढीग होतो नि सगळं मिश्रण गरीब होतं. थोडक्यात, धूळ म्हणजे या खजिन्यात घातलेलं पाणी.

म्हणून श्रीमंत गाळ सापडतो तो जिथे जवळपास काहीच पडत नाही अशा ठिकाणी. खोल समुद्रातली तांबडी माती हजार वर्षांत एखादा मिलिमीटर साचते, कुठे त्याहून कमी. दक्षिण पॅसिफिकच्या मधल्या भागात तर त्याच्या कितीतरी कमी, तिथे जमिनीपासून इतकं लांब आहे की धूळसुद्धा पोचत नाही. सरळ हिशोब करा, हजार वर्षांना एक मिलिमीटर म्हणजे एका मीटरला दहा लाख वर्षं. २०२० मध्ये आलेल्या एका अभ्यासात मिनामितोरिशिमाच्या सगळ्यात श्रीमंत थराचं वय सुमारे ३.४५ कोटी वर्षं निघालं, तेव्हा पृथ्वी गार होत होती, अंटार्क्टिकाकडून खोल पाण्याचे प्रवाह जोरात आले, समुद्रातल्या डोंगरांना आपटून वर चढले, सोबत पोषक द्रव्यं आली, मासे माजले आणि त्यांच्या दाताहाडांचा पाऊस पडला, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्याला आपण कच्चा माल म्हणतोय तो आख्खा थरच एका हवामान बदलाची नोंद आहे. वर-खालच्या थरांमधली धूळ त्याच नोंदीची आधीची आणि नंतरची पानं. सावकाशपणामुळेच तो श्रीमंत झाला आणि त्याच सावकाशपणामुळे तो परत होणार नाही.

इथे एक प्रामाणिक कबुली दिलीच पाहिजे, नाहीतर जाणकार मला धरतील. नोंदवही म्हणून हा गाळ काही फार बारीक अक्षरातला नाही. वरच्या काही सेंटिमीटरमध्ये किडे सतत उकरत असतात, त्यामुळे पाचदहा सेंटिमीटरचा मिळून एक लगदा होतो, म्हणजे पन्नास हजार ते लाखभर वर्षं एकत्र कालवलेली. हिमयुगातलं शतक न् शतक वाचायचं असेल तर कुणीही इथे येणार नाही, ते जास्त वेगाने गाळ साचणाऱ्या जागी जातील. पण वही लांब आहे. उत्तर पॅसिफिकच्या मध्यातून १९७० च्या दशकात काढलेला जीपीसी-३ नावाचा कोअर (नळी खुपसून काढलेला गाळाचा अखंड दांडा) फक्त २४ मीटरचा होता आणि त्यात जवळजवळ ७ कोटी वर्षं मावली होती, डायनोसॉर संपले त्या वेळचा इरिडियमचा थरसुद्धा त्यात आहे. एवढ्या खोलीवर चुन्याची कवचं टिकत नाहीत, विरघळून जातात, म्हणजे हवामानाचा नेहमीचा पुरावा तिथे नसतोच. उरते काय तर धूळ आणि माशांचे दात. खडबडीत का होईना, पण त्या भागाच्या वाऱ्याची दुसरी वहीच नाही.

समुद्र केवढा मोठा आहे, थोडा उपसला तर काय बिघडतं, हा नेहमीचा प्रश्न. तांबडी माती प्रचंड पसरलेली आहे हे खरंच आहे. पण श्रीमंत थर सगळीकडे नाहीत, आणि मशीन नेमकी तिथेच जाणार. शिवाय उपसलेल्या जागेपुरतं ते थांबत नाही. पेरूजवळच्या समुद्रात १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ नांगरून बघितला होता, २६ वर्षांनी, २०१५ ला परत गेले तर नांगराचे चर जसेच्या तसे. प्रशांत महासागरात १९७० च्या दशकाच्या शेवटी झालेल्या एका खाणयंत्राच्या चाचणीचे माग चार दशकांनंतरही दिसतात. जिथे हजार वर्षांत मिलिमीटर पडतो तिथे चर बुजणार कशाने? आणि या दोन्ही ठिकाणी नुसतं वरवर खरवडलं होतं. रेअर अर्थच्या चिखलाचं तसं नाही, श्रीमंत थर पुष्कळदा काही मीटर खाली असतो, म्हणजे मीटर-मीटर गाळ पाण्यात कालवून पाइपने वर ओढायचा. टाल्कम पावडरइतका बारीक गाळ ढवळला की तो किती लांब जाऊन कुठल्या अस्पर्श थरावर बसेल याचा अंदाज प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारा. माझी ट्यूब हलली की तो बसायला आख्खा दिवस लागायचा, ते सुद्धा वीतभर पाण्यात.

आणि तिथे नुसती माती नाही. २०१० मध्ये दक्षिण पॅसिफिकच्या मध्यावर मुद्दाम याच गाळासाठी एक ड्रिलिंग मोहीम गेली होती, तिच्या कोअरमधले सूक्ष्मजीव खायला घातल्यावर जागे झाले, १०.१५ कोटी वर्षं जुन्या थरातले! हे २०२० ला छापून आलं. पोट इतकं आवळून इतका काळ काढणारं काहीतरी आपण नुकतंच बघितलंय, आणि लगेच त्याच जातीच्या गाळाचा टनांत भाव काढतोय.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो मात्र वेगळ्याच गोष्टीचा. हा खजिना सापडला कसा? २०११ मध्ये टोकियो विद्यापीठाच्या टीमने पॅसिफिकमधल्या ७८ ठिकाणचे दोन हजारांवर नमुने तपासले आणि जगाला सांगितलं की या चिखलात रेअर अर्थ आहे. यातले कितीतरी नमुने खोल समुद्रातल्या वैज्ञानिक ड्रिलिंगचे जुने कोअर होते, जे आधीच्या पिढ्यांनी पूर्णपणे दुसऱ्याच प्रश्नांसाठी काढून ठेवले होते. जर्मनीत ब्रेमेन, अमेरिकेत टेक्सास, जपानमध्ये कोची, अशा ठिकाणी हे कोअर ४ अंश तापमानाला प्लास्टिकच्या नळ्यांत झोपवून ठेवलेले असतात, उभे चिरून दोन भाग केलेले. एक भाग कामाचा, त्यातून नमुने द्यायचे, दुसरा अर्काइव्हचा, त्याला शक्यतो हात लावायचा नाही, कारण पन्नास वर्षांनी कुणाला काय विचारावंसं वाटेल हे आज माहीत नसतं. ही केवढी दूरदृष्टी आहे, आणि तिचंच फळ म्हणून खाणवाल्यांना नकाशा मिळाला. त्या बदल्यात काय झालं तर १९८५ पासून जगभर कोअर काढत फिरणारं जॉइडेस रेझोल्यूशन हे जहाज २०२४ मध्ये निधीअभावी निवृत्त झालं, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने समुद्रतळाच्या खनिजांना जलद परवाने देण्याचा अध्यक्षीय आदेश काढला. वाचायचं जहाज बंद करायचं नि उपसायला वाट मोकळी करून द्यायची.

समोरच्या बाजूचा मुद्दा खोटा नाहीये हेही सांगते. २०१० मध्ये रेअर अर्थच्या उत्पादनात चीनचा वाटा ९५ टक्क्यांच्या वर असताना जपानचा पुरवठा अडकला आणि पुढच्या वर्षी भाव आकाशाला भिडले, २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं तेव्हा जगभरच्या मॅग्नेटवाल्यांची परत धावपळ झाली. समुद्रातल्या चिखलात डिस्प्रोसियम, टर्बियमसारखी जड मंडळी चांगल्या प्रमाणात आहेत, थोरियम-युरेनियम कमी आहे, पातळ अॅसिडमध्ये माल पटकन सुटतो. जमिनीवरच्या खाणींनी आणि अॅसिडच्या तळ्यांनी जी गावं नासवली ती बघता समुद्राकडे वळावंसं वाटणं मी समजू शकते. पण अडचण मातीची कधीच नव्हती. अडचण आहे ती वेगळं करण्याची. हा घोळका एकमेकांना इतका चिकटून असतो म्हणून तर तो धुळीचा ठसा जपतो, आणि म्हणूनच तो कारखान्यात सोडवायला शेकडो टप्प्यांचं रसायनकाम लागतं, आणि ते काम आज जवळजवळ ९० टक्के एकाच देशात होतं. तुम्ही सहा किलोमीटर खोलातून चिखल आणलात तरी तो पुढे पाठवणार कुठे? त्याच दारात. जपानने २०२२ मध्ये २,४७० मीटरवरून चिखल वर ओढायची चाचणी यशस्वी केली, इंजिनिअरिंग म्हणून टोपी काढते, पण त्याने पुरवठ्याची गाठ सुटत नाही. वापरून झालेल्या मॅग्नेटमधून परत मिळवायचं प्रमाण अजून एखाद्या टक्क्याच्या आसपास रेंगाळतंय, तिकडे एवढा जोर लावलेला दिसत नाही, कारण भंगाराच्या ढिगात खजिना सापडला अशी बातमी होत नाही ना.

मग कायमची बंदी घालायची का? चाळीसएक देश निदान थांबा तरी म्हणतायत आणि मी त्यांच्या बाजूची आहे, पण बंदी कायम टिकेल असं वाटत नाही, एखाद्या देशाने आपल्या हद्दीत उपसायचं ठरवलं तर त्याला कुणी अडवू शकत नाही, मिनामितोरिशिमा जपानच्याच हद्दीत आहे. हद्दीबाहेरचा तळ मात्र कायद्याने सगळ्या मानवजातीचा वारसा आहे, तो सांभाळायला १९९४ पासून जमैकात किंगस्टनला आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण बसलंय, आणि तिथे एक फट आहे जी फार कुणी बोलत नाही. या प्राधिकरणाचे शोधकामाचे नियम आहेत ते तळावर पडलेल्या धातूंच्या गाठींसाठी, धातूंच्या सल्फाइडसाठी आणि समुद्रातल्या डोंगरांवर साचलेल्या धातूंच्या कवचांसाठी. रेअर अर्थच्या चिखलासाठी नियमच नाहीत. कुणा सदस्य देशाने मागणी केली की तीन वर्षांत ते करावे लागतात, असं समुद्र कायद्यात लिहिलंय. म्हणजे अजून कुणाच्या हातात करार नाही, कुणाचे पैसे अडकलेले नाहीत, वकील जमलेले नाहीत, तोवर अटी घालून घ्यायला यापेक्षा बरी वेळ मिळणार नाही.

माझ्या अटी साध्या आहेत. ज्या पट्ट्यात उपसायचं त्यातून आधी ठरावीक अंतरावर अखंड कोअर काढून सार्वजनिक भांडारात ठेवा, दोन भाग करून, खर्च कंत्राटदाराचा. राखीव क्षेत्र ठरवताना नुसते प्राणी मोजू नका, कुठला थर धुळीची नोंद म्हणून एकमेव आहे तेही बघा, आणि श्रीमंत थराचा काही भाग त्यात आलाच पाहिजे, उरलेली गरीब जमीन राखीव म्हणून दाखवायची चलाखी नको.

आणि तिसरी अट, जिच्यावर सगळ्यात जास्त भांडण होईल. प्राधिकरणाचा जो डेटाबेस आहे त्यात कंत्राटदारांनी दिलेली पर्यावरणाची माहिती सगळ्यांना खुली असते आणि खनिजाची माहिती गुप्त असते, गाठींच्या बाबतीत ही विभागणी एक वेळ चालून जाते. या चिखलात चालणार नाही, कारण इथे दोन्ही माहिती म्हणजे एकच आकडा आहे. एका सेंटिमीटर गाळात किती निओडिमियम, किती युरोपियम, किती डिस्प्रोसियम हे कंपनीसाठी मालाचं मोजमाप आणि माझ्यासारखीसाठी हवामानाची नोंद. ते जर व्यापारी गुपित म्हणून कुलपात गेलं तर तीन-साडेतीन कोटी वर्षांची नोंद आधी कुणीतरी वाचेल, मग ती चिखलासकट पाइपातून वर जाईल, आणि तिच्यात काय लिहिलं होतं ते फक्त एका कंपनीच्या एक्सेल शीटमध्ये राहील.